‘असेल’ला इंग्रजीत काय म्हणाल? वैमानिकी इंग्रजीत अंदाज सांगताना या चुका टाळा

आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, निकषांवर घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच भाषा-परीक्षांत एक छायाचित्र पुढे ठेवतात. समजा, विमान धावपट्टी सोडून गवतात गेलंय. डावीकडचं लँडिंग गिअर, म्हणजे चाकांचा सांगाडा, मोडल्यामुळे एक पंख जमिनीला टेकलाय. स्लाइड, म्हणजे आणीबाणीत उतरायच्या घसरगुंड्या, उघडलेल्या आहेत, अग्निशमन दलाची गाडी उभी आहे आणि धूर कुठेच नाही. परीक्षक विचारतो, काय झालं असावं?

मराठी डोक्यात उत्तर तयारच असतं: टायर फुटला असेल. तोंडातून मात्र ‘टायर विल बी बर्स्ट’, ‘टायर कॅन बी बर्स्ट’ किंवा ‘टायर मस्ट बी बर्स्टेड’ यांपैकी काहीतरी निघतं. विमानाबद्दलची माहिती पक्की असते, इंग्रजीही बरं असतं, तरी गाडी इथेच अडते.

याचं मूळ ‘असेल’ या एका शब्दात आहे. ‘असेल बुवा’ म्हटलं की खांदे उडवल्यासारखं होतं. ‘असेलच’ म्हणणारा पैज लावायला तयार असतो. ‘असेल, असेल’ म्हणणाऱ्याचा तर समोरच्यावर काडीचा विश्वास नसतो. शब्द तोच राहतो, खात्री किती ते सूर सांगतो. इंग्रजीत हे काम बरंचसं शब्दांवर सोपवलेलं आहे. खात्री बदलली की क्रियापद बदलायचं. आपण सूर बदलतो आणि शब्द तोच ठेवतो, म्हणून परीक्षकाला आपल्या सगळ्या अंदाजांचं वजन सारखंच वाटतं.

दिसतंय त्याचाही अंदाज बांधणं

ही चूक पुस्तकात सहसा सापडत नाही, वर्गात मात्र रोज दिसते. चित्रात विमान गवतात आहे हे स्पष्ट दिसतं, तरी विद्यार्थी म्हणतो, ‘द एअरक्राफ्ट मस्ट बी ऑन द ग्रास’. मोडल व्हर्ब, म्हणजे मस्ट, मे, कुडसारखी सहायक क्रियापदं, वापरून दाखवायची घाई, दुसरं काय! डोळ्यांना जे दिसतं त्याला ‘इज’ लावा: द एअरक्राफ्ट इज ऑन द ग्रास, द लेफ्ट गिअर हॅज कोलॅप्स्ड. जे दिसत नाही पण पुराव्यावरून कळतं, त्याला ‘मस्ट’. स्लाइड बाहेर आहेत आणि आत कुणी दिसत नाही, म्हणून द पॅसेंजर्स मस्ट हॅव इव्हॅक्युएटेड. आणि गिअर का मोडलं, याच्या तीन-चार कारणांपैकी कुठलंही खरं निघू शकत असेल, तर तिथे कुड, मे किंवा माइट.

या तिघांत फरक किती, हा प्रश्न हमखास येतो. ‘मे म्हणजे पन्नास टक्के, माइट म्हणजे तीस टक्के’ असे तक्ते पाठ करणाऱ्यांना माझा सल्ला आहे की ते फाडून टाका. बोलण्यात हे तिघे बहुतेक वेळा एकमेकांची जागा घेतात. माइट किंचित कच्चा वाटतो, एवढंच.

टक्क्यांची खरी जागा वेगळी आहे, आणि ती वैमानिकांच्या रोजच्या कागदावरच सापडते. विमानतळाच्या हवामान अंदाजात, म्हणजे टॅफमध्ये, प्रॉब (प्रोबॅबिलिटी, म्हणजे शक्यता) ३० आणि प्रॉब ४० एवढेच आकडे येतात. शक्यता ३० टक्क्यांहून कमी असेल तर ती लिहिण्याइतकी महत्त्वाची मानत नाहीत. ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ती ‘शक्यता’ म्हणून लिहितच नाहीत, बदल टेम्पो (तात्पुरता बदल) किंवा बिकमिंग (हळूहळू होणारा बदल) अशा गटात दाखवतात. त्यामुळे प्रॉब ३० च्या पुढे गडगडाटी वादळ लिहिलेलं असताना ब्रीफिंगमध्ये ‘देअर विल बी थंडरस्टॉर्म्स’ म्हणणं म्हणजे हवामान अंदाजाने न सांगितलेलं सांगणं. ‘देअर मस्ट बी’ तर त्याहून वाईट. ‘देअर मे बी’ किंवा ‘देअर माइट बी’ म्हणा.

‘शकतं’ म्हणजे दर वेळी ‘कॅन’ नव्हे

‘पंखावर बर्फ असू शकतो.’ हे वाक्य मराठीत दोन ठिकाणी चालतं: हिवाळ्यात असं होतं हे सांगताना, आणि समोरच्या विमानाच्या पंखाकडे बोट दाखवताना. इंग्रजीत पहिल्या जागी कॅन बसतो: आइस कॅन फॉर्म ऑन द विंग. दुसऱ्या जागी बसत नाही. तिथे देअर कुड बी आइस ऑन द विंग म्हणायचं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. वाक्यात ‘कधीकधी’ घालून बघा. अर्थ टिकला तर कॅन. ‘कधीकधी पंखावर बर्फ साचू शकतो’ हे ठीक वाटतं. ‘त्या तिथल्या विमानाचा टायर कधीकधी फुटलेला असू शकतो’ हे हास्यास्पद वाटतं, म्हणून कॅन नको. प्रश्नात आणि नकारात मात्र कॅन अंदाजासाठीही चालतो.

नकारात सगळ्यात मोठा घोळ

‘क्रूला आगीची कल्पना नसेल.’ याचं ‘द क्रू मस्ट नॉट बी अवेअर’ करू नका. ऐकणाऱ्याला आधी मनाई ऐकू येते: कल्पना असता कामा नये! अमेरिकेत काही जण अनुमानासाठीही असं बोलतात, पण शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. अशक्य वाटत असेल तर कान्ट: द क्रू कान्ट बी अवेअर. नुसती शंका असेल तर मे नॉट: द क्रू मे नॉट बी अवेअर. दोन्हींतलं अंतर मोठं आहे. पहिलं वाक्य म्हणतं, कल्पना असणं शक्यच नाही. दुसरं म्हणतं, असेल किंवा नसेलही. मराठीतला ‘नसेल’ ही दोन्ही वाक्यं एकाच ओंजळीत घेतो, म्हणून बोलण्याआधी स्वतःलाच विचारावं लागतं: मी शंका घेतोय, की शक्यता नाकारतोय?

झालेल्या गोष्टी: इथे बहुतेक जण घसरतात

‘पायलट विसरला असेल’ याचं भाषांतर करताना हात आपोआप ‘असेल’ म्हणजे ‘मस्ट बी’ असं लिहून टाकतो आणि मग ‘विसरला’ चिकटवतो. तयार होतं ‘द पायलट मस्ट बी फॉरगॉट’. मराठी क्रम बघा: विसरला अधिक असेल. इंग्रजीत घडून गेलेल्या क्रियेआधी बी नाही, हॅव येतो आणि क्रियापदाचं तिसरं रूप लागतं: द पायलट मस्ट हॅव फॉरगॉटन. टायर फुटला असेल, द टायर माइट हॅव बर्स्ट.

एवढं कळलं की लगेच उलटी चूक सुरू होते. ‘पायलट दमला असेल’ हे वाक्य रूपाने ‘विसरला असेल’सारखंच दिसतं, म्हणून ‘मस्ट हॅव टायर्ड’ म्हणावंसं वाटतं. पण ‘दमला’ म्हणजे आत्ता दमलेला आहे, ती अवस्था आहे. इंग्रजीत द पायलट मस्ट बी टायर्ड. प्रवासी बसले असतील, घाबरले असतील, अडकले असतील ही सगळी या जातीची वाक्यं: मस्ट बी सीटेड, मस्ट बी स्केअर्ड, कुड बी ट्रॅप्ड. म्हणून रूपाकडे बघू नका. घटना संपली आहे की अवस्था चालू आहे, तेवढं विचारा.

आणि ऐकताना? बोलणारा ‘मस्ट हॅव’ असं तोडून म्हणत नाही. ‘मस्टव्ह’, ‘कुडव्ह’ असं निसटून जातं, कधी शेवटचा व्ह सुद्धा गिळला जातो. तो कानातून सुटला तर कालची घटना आजची होते. ध्वनिफिती ऐकताना हा एकच आवाज पकडायचा सराव आठवडाभर करा. व्याकरणाच्या दहा पानांपेक्षा उपयोग जास्त होईल.

अहवाल लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा. ‘द पायलट कुड हॅव डायव्हर्टेड’ याचे दोन अर्थ होतात: विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवलं असण्याची शक्यता आहे, किंवा वळवता आलं असतं पण वळवलं नाही. दुसरा अर्थ म्हणजे सरळ ठपका. तुम्हाला नुसता अंदाज सांगायचा असेल तर मे हॅव डायव्हर्टेड लिहा.

शुड, आणि नियमांतलं मे

‘द गिअर शुड बी डाउन.’ गिअर खाली असायला हवं हा नियम, की खाली असेल ही अपेक्षा, की खाली असायला हवं होतं पण नाही ही तक्रार? लिहिताना संदर्भ वाचवतो, कॉकपिटमध्ये नाही. गिअर खाली आहे की नाही, याचं उत्तर तीन हिरवे दिवे देतात. तिथे शुडला जागा नाही.

आयकाओच्या परिशिष्टांत शल म्हणजे बंधनकारक मानक, शुड म्हणजे शिफारस. नियमांच्या भाषेत मे म्हणजे बहुतेक वेळा परवानगी. तिथे मेचा अर्थ ‘कदाचित’ असा लावून वाचलंत तर नियमाचा अंदाज होतो.

रेडिओवर नेलेला अंदाज

व्याकरणाच्या चुकीने गुण जातात. या चुकीने आणखी काही जाऊ शकतं.

२५ जानेवारी १९९० च्या रात्री आव्हियांका ५२ हे बोइंग ७०७ न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाजवळ घिरट्या घालत होतं. खराब हवामानामुळे ताटकळून इंधन संपत आलं होतं. सहवैमानिकाने नियंत्रकाला सांगितलं, ‘आय थिंक वी नीड प्रायॉरिटी’. आणीबाणीचा शब्द उच्चारलाच गेला नाही. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक इथे कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. इंधनाची गोष्ट वैमानिकांना नक्की ठाऊक होती, तरी वाक्यात ‘आय थिंक’ आलं. नम्रपणा असेल, सवय असेल, पण नियंत्रकाच्या कानापर्यंत अंदाज पोचला, संकट पोचलं नाही. आता यासाठी ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे फ्युएल’ असे ठरलेले शब्द आहेत.

आता दुसरी बाजू. १५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्याच लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या यूएस एअरवेज १५४९ ची दोन्ही इंजिनं पक्ष्यांच्या धडकेने निकामी झाली. नियंत्रक वैमानिकांना लाग्वार्डियाच्या धावपट्टीवर परत बोलावत होता. कॅप्टन सलेनबर्गर म्हणाले, ‘वी आर अनेबल. वी मे एंड अप इन द हडसन.’ सव्वा मिनिटानंतर: ‘वी आर गॉना बी इन द हडसन.’ विमान हडसन नदीत उतरलं आणि त्यावरचे सगळे १५५ जण वाचले.

मोडल व्हर्ब शिकवायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही. परत येणं जमणार नाही हे नक्की, म्हणून तिथे अनेबल, एक अक्षर कमी-जास्त नाही. नदीचं अजून ठरलं नाही, म्हणून मे. ठरलं, तसा मे गेला. खात्री बदलली त्या क्षणी क्रियापद बदललं.

म्हणून फ्रीक्वेन्सीवर नियम असा ठेवा: ठरलेली संज्ञावली असेल तिथे तीच वापरा, म्हणजे अफर्म, निगेटिव्ह, अनेबल, स्टँडबाय. क्लिअरन्स, म्हणजे नियंत्रकाने दिलेली परवानगी, परत वाचून दाखवताना मोडल व्हर्ब नको. संज्ञावलीत न बसणारी परिस्थिती साध्या इंग्रजीत सांगायची वेळ आली, तर आधी नक्की ते बोला आणि मग अंदाज.

सराव कसा करायचा

आयकाओच्या भाषा-श्रेणीतल्या लेव्हल ४ ला चुका माफ असतात, अर्थ बिघडला नाही तर. त्यामुळे ‘मेबी’ची लाज बाळगू नका. ‘मेबी द टायर बर्स्ट’ हे शुद्ध वाक्य आहे. फक्त ते वाक्याच्या सुरुवातीला ठेवा आणि ‘मे बी’शी त्याची सरमिसळ करू नका. प्रत्येक वाक्य मेबीने सुरू झालं तर मात्र परीक्षक कंटाळतो.

प्रत्येक अंदाजामागे ‘बिकॉज’ लावायची सवय करा, मोठ्याने. कारण सुचलं नाही तर मस्ट काढा आणि माइट घाला. पक्कं कारण सुचलं तर मस्ट ठेवा. सुरुवातीच्या चित्रावर हे असं होतं: द एअरक्राफ्ट हॅज लेफ्ट द रनवे. द पॅसेंजर्स मस्ट हॅव इव्हॅक्युएटेड, बिकॉज द स्लाइड्स आर आउट. अ टायर माइट हॅव बर्स्ट, ऑर इट कुड हॅव बीन अ हार्ड लँडिंग.

मग परीक्षक विचारतो, आग लागली होती का? धूर नाही, पण गाडी आली आहे, आणि गाडी खबरदारी म्हणूनही येते. देअर मे हॅव बीन अ फायर, बट आय कान्ट सी एनी स्मोक.