स्टूलच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी : अमीबा ओळखताना

डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी मायक्रो करून पुण्यातल्या एखाद्या लॅबमध्ये लागलात की पहिले काही महिने तुमच्या वाट्याला स्टूलचा टेबल, म्हणजे शौच तपासायचं काम, येणार, हे गृहीतच धरा. सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारं मशीन) जुन्या लोकांकडे, बायोकेमिस्ट्री साहेबांच्या लाडक्यांकडे आणि डब्या तुमच्याकडे. ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ असं तेव्हा मला कुणी म्हटलं की डोक्यात तिडीक जायची, म्हणून तुम्हाला तसं म्हणत नाही. वाटू द्या वाईट. फक्त एवढं सांगते, मशीन कुणीही चार दिवसांत शिकतं. ओली स्लाइड बघून ‘हा अमीबा आहे’ किंवा ‘हा नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे मात्र आख्ख्या लॅबमध्ये एक-दोघंच असतात.

सलाइन माउंट, आयोडीन माउंट (मिठाच्या पाण्यात किंवा आयोडीनमध्ये लावलेली ओली स्लाइड), ट्रोफोझोइट (अमीबाचं हलणारं रूप), सिस्ट (कवचातलं निपचित रूप) हे सगळं तुम्हाला येतं असं धरते. परीक्षेत ते आलंच असेल. परीक्षेत जे येत नाही ते म्हणजे वेळ. पातळ शौचातला ट्रोफोझोइट बाहेर पडल्यावर फार वेळ तग धरत नाही. असा नमुना अर्ध्या तासात बघायला हवा, थोडा घट्टसर असेल तर तासाभरात. आता वाघोलीच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी सातला दिलेली डबी नगर रोडचं ट्रॅफिक खात टिळक रोडच्या लॅबमध्ये अकराला पोचली, तर तुम्ही काय बघणार? अमीबा असला तरी गोल होऊन गप्प पडलेला किंवा फुटून गेलेला. फ्रिजमध्ये ठेवूनही तो वाचत नाही. सिस्टचं तसं नसतं, त्या चिवट असतात, म्हणून घट्ट शौचाला उशीर झाला तरी फारसं बिघडत नाही. डबीवर वेळ लिहिलेली नसेल तर रनरला, म्हणजे डब्या आणणाऱ्याला, फोन करून विचारा. तो वैतागेल. वैतागू दे.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातली सकाळ चांगलीच गार असते आणि गार स्लाइडवर जिवंत अमीबासुद्धा हलत नाही. सलाइन कोमट घ्या, स्लाइड क्षणभर तळहातावर धरा. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली, उजेड आवरणारा डायफ्रॅम अर्धा बंद. लखलखीत उजेडात सिस्ट दिसेनाशाच होतात, आणि नवीन माणूस नेमका उजेड वाढवत बसतो.

आता त्या गोष्टीकडे येते जिने मला सगळ्यात जास्त छळलं. पस सेल (पूमधली पांढरी पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल) आणि मॅक्रोफेज (इतर पेशी गिळणारी मोठी पांढरी पेशी). हे दोघं मिळून जितक्या लोकांना खोटा अमीबा दाखवतात तितका खरा अमीबा क्वचितच कुणाला दिसत असेल.

पस सेल आधी घेऊ. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे दोन ते चार लोब (पाकळ्या) असतात, हे माहीतच आहे. ताज्या पेशीत ते बारीक धाग्यांनी जोडलेले दिसतात. पेशी जुनी झाली, म्हणजे वाघोलीहून आली, की धागे तुटतात, लोब गोल होतात आणि समोर चार केंद्रकांची ‘सिस्ट’ हजर! आकारही जवळपास तेवढाच. हिस्टोलिटिकाची, म्हणजे आमांश करणाऱ्या अमीबाची, सिस्ट बहुधा १२ ते १५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पस सेलही त्याच घरातली. मग फरक कुठे? कडेला बघा. सिस्टची भिंत गुळगुळीत, चमकणारी, एकसारखी गोल असते, पस सेलची कड फाटकी. मग आयोडीनमध्ये केंद्रक बघा. सिस्टचं केंद्रक म्हणजे बारीक कडं आणि त्याच्या मधोमध ठिपका. लोब म्हणजे नुसता भरीव गोळा, आत ठिपका नाही की कडं नाही. फोकसचा बारीक स्क्रू सतत फिरवत राहा, कारण चारही केंद्रकं एकाच पातळीत कधी नसतात. एका फोकसमध्ये चारही झळझळीत दिसली तर उलट संशय घ्या.

मॅक्रोफेज त्याहून बेरकी. तो मोठा असतो, हात-पाय काढल्यासारखा वेडावाकडा दिसतो, आणि कहर म्हणजे तोही रक्तातल्या लाल पेशी (आरबीसी) गिळतो. ‘ट्रोफोझोइटच्या पोटात आरबीसी दिसल्या की हिस्टोलिटिका’ हे वाक्य आपण घोकलेलं असतं, त्यामुळे आरबीसी दिसताच हात थेट रिपोर्टकडे जातो. थांबा. जिवंत अमीबा एक दिशा धरून सरकतो. बोटासारखा पारदर्शक पाय झटकन बाहेर येतो आणि मागचा सगळा ऐवज त्यात ओतला जातो. मॅक्रोफेज हलला तरी जागच्या जागी चुळबुळतो. केंद्रकाचा नियम इथे जरा उलटा आहे, तो नीट वाचा. सलाइनमध्ये जिवंत हिस्टोलिटिकाचं केंद्रक सहसा दिसतच नाही. मॅक्रोफेजचं मात्र मोठं, जाड, कधी वाकडं केंद्रक दिसून जातं. म्हणजे न हलणाऱ्या मोठ्या पेशीत ढळढळीत केंद्रक दिसलं तर आनंद मानू नका. ट्रायक्रोम किंवा आयर्न हिमॅटॉक्सिलिन या रंगांची पक्की स्लाइड करा. लॅबमध्ये ट्रायक्रोम नाही म्हणतील. बऱ्याच ठिकाणी नसतोच. मग ‘अमीबासदृश पेशी, ताजा नमुना पाठवावा’ एवढंच लिहा आणि वरिष्ठांना दाखवा.

आमच्याकडे एक जुने काका होते. मी स्लाइड घेऊन गेले की आयपीसला डोळा लावायच्या आधीच विचारायचे, “फील्डमध्ये पस सेल किती?” मी म्हणायचे, “भरपूर.” ते म्हणायचे, “मग अमीबा कशाला शोधतेस? न्यूक्लियस (केंद्रक) दाखव मला.” एवढंच. पुढे काही समजावणं नाही. त्यांच्या प्रश्नात काय दडलंय ते मला बऱ्याच उशिरा कळलं. अमीबाच्या आमांशात लाल पेशी पुष्कळ, पण धड पस सेल कमी, कारण अमीबा त्यांनाच फोडून टाकतो. फील्ड पस सेलने गच्च भरलंय आणि सोबत मॅक्रोफेजही आहेत, तर शिगेलासारख्या जिवाणूकडे बोट जातं. अशा पेशंटला ‘अमीबा’ असा रिपोर्ट गेला तर त्याला चुकीचं औषध मिळतं. उलट चूक त्याहून घातक असते. आतड्यातला खरा अमीबा सुटला, अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यात व्रण करणारा वेगळाच आजार) समजून स्टेरॉइड सुरू झालं, तर जिवावर बेततं. घाबरवायला सांगत नाहीये. खरं तर थोडं घाबरवायलाच सांगतेय.

यूट्यूबवरच्या अॅटलासवर मात्र माझा राग आहे. तिथले सगळे फोटो रंगवलेले, निवडलेले, मधोमध बसवलेले. ते बघून ओली स्लाइड वाचायला शिकता येत नाही. भराभर समजावून सांगणाऱ्या मॅडमपेक्षा न बोलता स्लाइड परत करणारे काका परवडले. हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

चार केंद्रकांची सिस्ट खरोखर सापडली तरी रिपोर्टवर सरळ ‘हिस्टोलिटिका’ लिहू नका. डिस्पार या त्याच्या जुळ्या जातीची सिस्ट हुबेहूब तशीच असते आणि ती रोग करत नाही. एमिल ब्रम्प्ट या फ्रेंच परजीवीतज्ज्ञाने १९२५ मध्ये हे मांडलं होतं, पण फार कुणी मानलं नाही. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क या संशोधकांनी दोन्ही जाती अधिकृतपणे वेगळ्या केल्या. मायक्रोस्कोपवरून ‘हिस्टोलिटिका / डिस्पार’ एवढंच म्हणता येतं. निवाडा करायचा तर हिस्टोलिटिकाचं खास अँटिजेन (त्याच्या अंगावरचं प्रथिन) ओळखणारी एलायझा चाचणी किंवा त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर. अशा किटला बहुधा ताजा नमुना लागतो, फॉर्मलिनमध्ये बुडवलेला नाही. आठ केंद्रकं दिसली तर ती एन्टामीबा कोलाय (ई. कोलाय जिवाणू नव्हे), निरुपद्रवी. आणि दहा मायक्रॉनच्या आत चार केंद्रकं असतील तर हार्टमनी, तीही निरुपद्रवी, म्हणून मोजपट्टी वापरा. नसेलच तर शेजारची लाल पेशी बघा, ती साधारण सात मायक्रॉनची. आपल्याकडे दर दुसरा माणूस ‘मला जुना अमीबा आहे’ म्हणत फिरतो. त्यातल्या कितींचा अमीबा म्हणजे कुठल्यातरी घाईच्या टेबलावरचा पस सेल असेल, कोण जाणे.

एका नमुन्यात काही नाही म्हणजे रोग नाही, असंही नसतं. दहा दिवसांत, दिवसाआड असे तीन नमुने मागा. पेशंटने आधीच अँटिबायोटिक घेतलं असेल किंवा बेरियमचा एक्स-रे काढला असेल तर दोनेक आठवडे थांबायला सांगा.

यकृतातल्या गळवाची गोष्ट वेगळी. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, सोनोग्राफीत बहुतेकदा उजव्या भागात गळू, आणि शौच बहुतांश वेळा स्वच्छ. डॉक्टर विचारतील, “स्टूलमध्ये कसं काही नाही?” नसतंच, बिनधास्त सांगा. तिथे रक्तातली अँटिबॉडी उपयोगी पडते, पण ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहते, हे विसरू नका. पस काढला तर शेवटची सिरिंज मागून घ्या. अमीबा गळवाच्या भिंतीलगत असतो, मधल्या चिखलात नाही. पुस्तकात त्या पसला ‘अँचोव्ही सॉस’सारखा (एका छोट्या माशाच्या तपकिरी सॉससारखा) म्हटलंय. सदाशिव पेठेत तो सॉस कुणी खाल्लाय? पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतात, म्हणून पाठ करा.

२०२४ मध्ये केरळात मेंदूच्या अमीबाचे रुग्ण सापडल्यावर आमच्याकडेही फोन सुरू झाले, ‘अमीबाची टेस्ट करायचीय’. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे नेग्लेरिया फॉवलरी. नाकातून जातो, पाणी पिऊन होत नाही, आणि शौचाशी त्याचा काही संबंध नाही. पण कधी मेंदूज्वराच्या पेशंटच्या पाठीतलं पाणी आलं, पू आहे आणि ग्रॅममध्ये (जिवाणू रंगवून बघायच्या स्लाइडमध्ये) जिवाणू नाहीत, तर ते फ्रिजमध्ये ठेवू नका. लगेच ओली स्लाइड लावा आणि हालचाल बघा. अमीबा ग्रॅमवर ओळखू येत नाही.

सरावासाठी एक करा. पक्क्या पॉझिटिव्ह नमुन्याचा थोडा भाग दहा टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवला तर सिस्ट कित्येक महिने बघता येतात. बऱ्याच लॅबमध्ये अशा जुन्या बाटल्या सिंकखालच्या कपाटात पडलेल्या असतात. कुणाला तरी विचारून घ्या आणि दुपारी गर्दी ओसरली की एकेक काढून बसा, शेजारी एक पस सेलवाली स्लाइड ठेवून.