घरफाळा आला, भरायचा कुणी?

मी भुदरगडचा. एम.एस्सी.साठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आलो आणि राजारामपुरीत तिघांनी मिळून एका घराचा वरचा मजला घेतला. मार्चमध्ये एका संध्याकाळी घरमालकीण काकू जिना चढून वर आल्या, हातात घडी घातलेला कागद. "घरफाळा आलाय बघ. राहताय तुम्ही, मग भरायचा पण तुम्हीच. तिघांत वाटून घ्या." घरफाळा म्हणजे घराचा कर, आमच्याकडची घरपट्टी. गावाकडं आबा ग्रामपंचायतीत जाऊन ती भरायचे, त्यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. वाद कशाला म्हणून प्रत्येकी ११०० रुपये काढून दिले. पावतीसुद्धा मागितली नाही.

ते पैसे आमचे जायलाच नको होते. महापालिका अधिनियमाप्रमाणं भाड्यानं दिलेल्या घराचा कर आधी मालकाकडून वसूल करायचा असतो. करारात तुम्ही स्वतः कबूल केलं असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या अकरा महिन्यांच्या करारात 'मालमत्ता कर मालकाने भरावा, वीजबिल लायसन्सीने' असं स्वच्छ लिहिलं होतं. लायसन्सी म्हणजे भाड्यानं राहणारे आम्ही. आम्ही सही करताना फक्त भाड्याचा आणि डिपॉझिटचा आकडा बघितला होता. तुम्ही कर, वीज, पाणी आणि मेंटेनन्स या चार गोष्टी कुणाच्या नावावर टाकल्यात ते वाचल्याशिवाय सही करू नका. आणि करार नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून 'झालं की' म्हणणारे पुष्कळ भेटतील.

आता बिल. ते हातात मिळालं तर आधी खालचा आकडा बघू नका, वरचे रकाने बघा. मिळकत क्रमांक, वॉर्ड (आमचा ई), मालकाचं नाव आणि त्याच्याजवळ भोगवटादार. भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा. आमच्या बिलावर तिथं 'स्वतः' होतं. म्हणजे महापालिकेच्या दप्तरात आम्ही तिघं नव्हतोच! "कुणी विचारलं तर भाचे म्हणून सांगा" असं काकू का म्हणायच्या ते तेव्हा कळलं. भाडेकरूची नोंद झाली की फाळा वाढणार, ही त्यांची भीती. असली भाचेगिरी करू नका. उद्या डिपॉझिटवरून वाजलं, तर तुम्ही तिथं राहत होता हे दाखवायला तुमच्याकडं कागद लागतो.

चालू मागणीच्या शेजारी थकबाकीचा रकाना असतो, आणि भाडेकरूनं खरं लक्ष तिथं द्यायचं. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के दंड चढत जातो. मालकानं भरलंच नाही, तर महापालिका राहणाऱ्याकडंही मागणी करू शकते. मात्र तुम्ही राहत नव्हता त्या काळाची बाकी तुमच्या गळ्यात मारता येत नाही, आणि जे भराल ते मालकाच्या हिशेबातून वळतं करून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. तशी वेळ आलीच तर भरणा महापालिकेतच करा, पावती घ्या आणि तेवढी रक्कम भाड्यातून वजा करत असल्याचं मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर का असेना, पण लिहून.

"तिघं राहताय म्हणून फाळा वाढला" हेही ऐकून घेऊ नका. माणसं मोजून घरफाळा बसत नाही. जागेचं क्षेत्र, बांधकाम कसलं आणि किती जुनं, वापर राहण्याचा की दुकानाचा, यावर तो बसतो. पाणीपट्टी वेगळी. ती मीटरवर येते, आणि तिथं तुमचा वाटा मागितला तर ते रास्त आहे. आम्ही तिघं रोज बादल्याच्या बादल्या उपसत होतो, नाही कसं म्हणणार?

घर पाचगाव, मोरेवाडी किंवा उचगावात बघत असाल तर पत्त्यात 'कोल्हापूर' असलं तरी कर ग्रामपंचायतीचा. १९७२ ला महापालिका झाली, पण हद्दवाढीचं घोंगडं अजून भिजतच पडलंय. तिथं नमुना ८ चा उतारा बघायला मागा, त्यात मालकाचं नाव आणि आकारणी दिसते. शहरात असाल तर त्या भागाच्या विभागीय कार्यालयात मिळकत क्रमांक सांगून बाकी विचारता येते.

दुसरं घर घेताना मी मालकांकडं गेल्या वर्षीची घरफाळ्याची पावती मागितली. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "जागा भाड्यानं घेतोयस का इकत?" तरी आत जाऊन कपाटातली पिशवी काढली, लाईट बिलांच्या गठ्ठ्यातून पावती शोधली आणि माझ्यापुढं ठेवली. थकबाकी शून्य. डिपॉझिट तिथंच दिलं.