सुट्टीत संशोधन करायचंय? मग प्रश्न छोटा घ्या

सुट्टी लागली की विद्यार्थी ‘हवामानबदल’ किंवा ‘सोशल मीडियाचा परिणाम’ असले अवाढव्य विषय घेऊन माझ्याकडे येतात. मी एकच विचारते: शेवटी कोणता आलेख काढणार? तो हाताने, अंदाजाने तरी कागदावर काढता येत नसेल, तर प्रश्न अजून पिकलेला नाही.

डेटा गोळा करत बसू नका, तयार डेटा उचला. माझं लाडकं उदाहरण सूर्यडागांचं, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या काळपट डागांचं. बेल्जियमच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीकडे १७४९ पासूनचे मासिक आकडे मोफत मिळतात. डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते. फाइल उतरवून घ्या आणि स्प्रेडशीटमध्ये १३ महिन्यांची फिरती सरासरी काढा, म्हणजे प्रत्येक महिन्यासाठी तो महिना, आधीचे सहा आणि नंतरचे सहा यांची सरासरी. वेडीवाकडी रेष जरा शहाण्यासारखी वागू लागते. मग प्रत्येक चक्राला तळापासून शिखर गाठायला किती महिने लागले ते मोजा आणि शिखराच्या उंचीसमोर मांडा. जोरदार चक्रं लवकर चढतात, हे स्विस खगोलशास्त्रज्ञ वाल्डमायर यांनी १९३५ मध्येच दाखवलंय. आधीच दाखवलंय म्हणून बिघडलं कुठे? तुमचा प्रश्न त्यापुढचा: १८४९ आधीच्या नोंदींत बरेच दिवस रिकामे आहेत, ती चक्रं वगळली तर हा संबंध टिकतो का?

प्रश्नावलीचा मोह टाळा. माणसांवरच्या अभ्यासाला नैतिकता समितीची परवानगी लागू शकते आणि ती हातात येईपर्यंत सुट्टी संपते.

लिखाण मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू करा. ‘पद्धत’ हा भाग आधी लिहा. कुठली फाइल, कधी उतरवली, कोणत्या ओळी गाळल्या आणि का, हे नंतर कुणालाच आठवत नाही.