चिपवरील वेगवान लेनचे क्लॉक एका फेजमध्ये कसे आणावेत

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी एका एफपीजीए (आतील जोडणी प्रोग्रामने ठरवता येणारी चिप) बोर्डावर प्रत्येकी ५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या चार लेन, म्हणजे डेटा वाहणाऱ्या समांतर वाटा, सुरू केल्या होत्या. सकाळी चारही लेनचा डेटा अचूक जुळत असे, पण दुपारी वीज जाऊन परत आली की एखादी लेन दोन किंवा चार बिटांनी मागे पडलेली दिसे. प्रोग्राम तोच, केबल त्याच आणि संदर्भ क्लॉकही (सर्व परिपथांना ठेका देणारा नियमित संकेत) एकच होता. चारही क्लॉकची वारंवारता सारखी आहे म्हणजे त्यांची फेजही, म्हणजे कडा पडण्याची नेमकी वेळही, जुळलेलीच आहे, असे आम्ही धरून चाललो होतो आणि चूक तिथेच होती.

लेनमधील सिरियलायझर २० बिटांचा शब्द घेतो आणि त्यातील बिट एकामागून एक बाहेर सोडतो. ५ गिगाबिटला एक बिट २०० पिकोसेकंदांचा असतो (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). क्लॉकच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर बिट सोडायचे ठरवले, तर २.५ गिगाहर्ट्झचा क्लॉक पुरतो आणि त्याला दहाने भागणारा डिव्हायडर, म्हणजे दर दहा चक्रे मोजून एक चक्र देणारा परिपथ, २५० मेगाहर्ट्झचा शब्द-क्लॉक तयार करतो. वीज आल्यावर हा डिव्हायडर दहांपैकी कोणत्याही अवस्थेतून मोजायला सुरुवात करू शकतो, त्यामुळे शब्द-क्लॉकची कड ४०० पिकोसेकंदांच्या अंतराने असलेल्या दहा जागांपैकी कुठेही पडते. चार लेनचे चार स्वतंत्र डिव्हायडर असतील आणि दहाही जागा सारख्याच संभवनीय मानल्या, तर सर्वांचा मेळ आपोआप बसण्याची शक्यता हजारात एक एवढीच राहते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिव्हायडर त्याच त्या अवस्थेतून उठतात, म्हणून दोष लपून राहतो आणि हीच या दोषाची सर्वांत घातक बाजू आहे.

म्हणून प्रथम दोन प्रकारचे अंतर वेगळे करावे. तारेच्या लांबीमुळे पडणारे अंतर प्रत्येक वेळी तेवढेच राहते, ते एकदा मोजून वजा करता येते. डिव्हायडरमुळे पडणारे अंतर मात्र कोणत्याही वेळी बदलू शकते. ते मोजून उपयोग नसतो, ते मुळातच उद्भवू देता कामा नये.

त्यासाठी सर्व लेनना एकाच पीएलएलमधून (संदर्भ क्लॉकपासून वेगवान क्लॉक तयार करणाऱ्या परिपथातून) वेगवान क्लॉक द्यावा. क्लॉक सर्व लेनपर्यंत वाटणाऱ्या तारांचे झाड शक्यतो समतोल ठेवावे, म्हणजे प्रत्येक फांदीवर बफरची (संकेत पुन्हा जोरकस करणाऱ्या परिपथांची) संख्या, तारेची लांबी आणि पुढचा भार सारखा असावा. त्यानंतर खरा प्रश्न उरतो तो रीसेट उठवण्याचा, म्हणजे डिव्हायडरांना सुरुवातीच्या अंकावर धरून ठेवणारा संकेत काढून घेण्याचा. २.५ गिगाहर्ट्झला एक चक्र ४०० पिकोसेकंदांचे असते आणि काही मिलिमीटर दूर असलेल्या चारही डिव्हायडरांवर रीसेट त्याच एका चक्राच्या आत सुटला पाहिजे. रीसेटची तार लांब असेल, तर एका लेनला तो या कडेपूर्वी मिळतो आणि दुसरीला पुढच्या कडेनंतर.

माझ्या मते यावरचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे वेगवान क्लॉक उगमाशीच काही काळ थांबवणे. पांझरा नदीकाठी पाटाच्या पाण्यावर शेती केलेल्या माणसाला हे लगेच उमजेल: आधी प्रत्येक शेताचे बारे नीट लावून घ्यायचे आणि मगच पाटाच्या तोंडाशी पाणी सोडायचे. पाणी सुरू असताना धावत जाऊन बारे उघडत बसले, तर कोणाला किती मिळाले याचा हिशेब लागत नाही. येथेही पीएलएल लॉक झाल्याची, म्हणजे संदर्भ क्लॉकशी स्थिर जुळल्याची, खात्री करावी, क्लॉक थांबवावा, सर्व डिव्हायडर रीसेट करून तो रीसेट निवांतपणे उठवावा आणि मग क्लॉक सोडावा. सर्व डिव्हायडर त्याच पहिल्या कडेपासून मोजू लागतात. दूरच्या लेनला ती कड थोडी उशिरा पोहोचते, पण तो उशीर दर वेळी तेवढाच असतो.

क्लॉक थांबवणारे गेट मात्र लॅचसह (स्थिती धरून ठेवणाऱ्या परिपथासह) असावे आणि त्याने क्लॉक खालच्या पातळीवर असतानाच दार उघडावे किंवा मिटावे, नाहीतर अर्धवट पल्स बाहेर पडून एखादाच डिव्हायडर एक पाऊल पुढे जातो. तसेच क्लॉकच्या वाटेवर कपॅसिटरने जोडलेले बफर असतील, तर ही रीत टाळावी. थांब्यानंतर त्यांची पातळी स्थिरावायला वेळ लागतो आणि पहिल्या काही कडा हरवू शकतात. अशा वेळी रीसेटलाच वेगवान क्लॉकवरील फ्लिप-फ्लॉपच्या (क्लॉकच्या कडेला एक बिट टिपून ठेवणाऱ्या परिपथांच्या) साखळीतून लेनमागून लेन पुढे न्यावे आणि प्रत्येक टप्प्यावर लागलेले एक चक्र डिव्हायडरच्या सुरुवातीच्या अंकात भरून काढावे.

तयार एफपीजीएमध्ये ही यंत्रणा निर्मात्याने आतच बांधलेली असते आणि आपल्या हाती फक्त क्रम राहतो: पीएलएल लॉक, मग सर्व लेनचा एकत्र रीसेट, मग फेज जुळवणी आणि शेवटी डेटा. आम्ही प्रत्येक लेनचा रीसेट स्वतंत्रपणे उठवत होतो.

स्वीकारणाऱ्या बाजूचे काम त्या मानाने सरळ आहे. ८बी/१०बी संकेतनात (यात ८ बिट १० बिटांच्या रूपात पाठवतात) के२८.५ हे खुणेचे चिन्ह सर्व लेनवर एकाच वेळी पाठवावे. प्रत्येक लेन त्यावरून आपली शब्दसीमा ओळखते आणि सर्वांत उशिरा पोहोचलेल्या लेनसाठी बाकीच्या आपापल्या फिफोमध्ये (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणाऱ्या साठ्यात) थांबतात.

जुळणी तपासायला महागडा ऑसिलोस्कोप लागतोच असे नाही. प्रत्येक लेनचा २५० मेगाहर्ट्झचा शब्द-क्लॉक एका फ्लिप-फ्लॉपला डेटा म्हणून द्यावा आणि सर्व फ्लिप-फ्लॉप वेगळ्या पीएलएलमधून आलेल्या २४९.७५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर चालवावेत. बाहेर २५० किलोहर्ट्झचा चौरस तरंग मिळतो आणि काळ हजारपट ताणला जातो: ४०० पिकोसेकंदांचे अंतर ४०० नॅनोसेकंदांचे होऊन १०० मेगाहर्ट्झच्या साध्या ऑसिलोस्कोपवर स्वच्छ दिसते. कडेजवळ तरंग काही वेळा वरखाली फडफडतो, तेव्हा त्या फडफडीचा मध्य धरावा. हे फ्लिप-फ्लॉप आणि त्यांच्या तारा चिपवर एकाच जागी बांधून ठेवाव्यात, नाहीतर दर कंपाइलला मोजणीचा शून्यबिंदू सरकतो.

एकदा जुळले म्हणून थांबू नये. रीलेने वीज तोडून-जोडून किमान काही शे वेळा तपासावे आणि प्रत्येक वेळचे अंतर नोंदवावे. बफरचा उशीर तापमानानुसार बदलतो आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून हीच तपासणी पहाटे आणि भर दुपारी पंखा बंद ठेवून पुन्हा करावी. नोंदींमध्ये काही पिकोसेकंदांचा हळू सरकणारा फरक दिसला, तर तो उष्णतेचा असतो आणि फिफोच्या खोलीत सामावतो. ४०० पिकोसेकंदांच्या पटीतली एकही उडी दिसली, तर रीसेटच्या क्रमाकडे परत जावे.