झाड हिरवंगार, फुलांचा पत्ता नाही: बारमाही फुलझाडांच्या बाबतीत या चुका टाळा

हंगामी फुलझाडांचं बरं असतं. झेंडू फसला तर तीन-चार महिन्यांत विषय संपतो, पुढच्या वेळी नवं रोप. मोगरा, जास्वंद, गुलाब, अनंत ही झाडं मात्र वर्षानुवर्षं राहायला आलेली असतात, आणि त्यांच्या आजच्या दुखण्याचं कारण बरेचदा काही महिने मागे असतं. म्हणून पान पिवळं पडलं की लगेच खताची पिशवी उघडणं मला पटत नाही. आधी आठवून बघावं: छाटणी कधी केली, कुंडी कधी बदलली, ऊन किती तास मिळतंय. खताचा नंबर त्यानंतर.

पान मलूल म्हणजे तहानच, असं नाही

माती ओली असूनही पानं मान टाकत असतील तर पाण्याचा डबा खाली ठेवा. मुळांना हवाही लागते. सतत चिखलात राहिलेली मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, आणि पानं तहानेने सुकल्यासारखीच दिसतात. माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. बोट दोन पेरं मातीत खुपसा. खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. ‘रोज सकाळी एक तांब्या’ असा नियम कुंडीला लावूच नये.

तळाशी खडीचा थर घालण्याची पद्धतही सर्रास दिसते, निचरा चांगला होतो म्हणून. होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. वरची माती भिजून तुडुंब झाली की मगच ते खाली जातं. म्हणजे तळाशी राहणारा चिखलाचा पट्टा खडीच्या उंचीइतका वर, थेट मुळांपाशी सरकतो. छिद्रावर खापराचा एक तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. निचरा वाढवायचाय तर भरड वाळू किंवा परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे हलके पांढरे खडे) मातीतच मिसळा.

नुसता पाला

फांद्या लांबच लांब, पानं गर्द हिरवी आणि कळी एकही नाही, हे नत्र जास्त झाल्याचं लक्षण. युरिया किंवा ताजं शेणखत सढळ हाताने पडलं की झाड पानांच्या मागे लागतं. ते आधी थांबवा. पण त्याच्याही आधी ऊन तपासा. मोगरा, गुलाब, जास्वंदाला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. नुसत्या ‘भरपूर उजेडात’ झाड जगेल, फुलेल असं नाही.

मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवर येतात. थंडी सरताना छाटणी केली की भरपूर फुटवे येतात आणि त्यांच्या टोकाला कळ्या. कळ्या धरायच्या वेळेला कात्री चालवली तर तो बहर गेलाच म्हणून समजा. उलट वर्षभर कात्रीच लावली नाही तर फूल येतं ते शेंड्याला, तुरळक. बोगनवेलीला जरा ताण द्यावा लागतो. रोज पाणी मिळालं की ती पानांवरच खूश असते.

शेवंतीची तऱ्हा वेगळी. रात्री लांबायला लागल्या की ती कळ्या धरते. तिची कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली असेल तर तिला रात्र लांबल्याचं कळतच नाही, आणि खत बदलूनही काही होत नाही. कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवा. फुकटचा उपाय, म्हणूनच बहुधा कुणी करून बघत नाही.

जास्वंदाच्या कळ्या गळतात तेव्हा

गळलेली कळी उचला आणि नखाने उभी चिरून बघा. आत बारीक पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ते कळीतल्या माशीचं काम. या अळ्या कळीतून मातीत उतरून कोष करतात, म्हणून गळलेल्या कळ्या कुंडीत कुजू देऊ नका आणि कंपोस्टमध्येही टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात. पिवळी पडलेली कळी झाडावर असतानाच खुडली तर आणखी चांगलं. कळीत काहीच सापडलं नाही तर पाण्याची ओढाताण झाली असेल: कधी खडखडीत कोरडं, कधी तुडुंब.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर तिचा माग काढत शेंड्यापर्यंत जा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतील. हा पिठ्या ढेकूण. त्याच्यापासून गोड चिकटा मिळतो म्हणून मुंग्या त्याला राखतात. फक्त मुंग्यांची पावडर टाकून भागत नाही. आधी पाण्याच्या जोरदार धारेने पुंजके उडवा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही. आठवड्याने पुन्हा. एका फवारणीत तो जात नाही.

गुलाब आणि अनंत

गुलाब बहुतेक वेळा कलमी असतो. कलमाच्या गाठीखालून एखादी जोमदार, वेगळ्याच पानांची फांदी आली की लोक खूश होतात. ती खालच्या रानटी खुंटाची असते आणि वरच्या गुलाबाचं अन्न खाते. वरून कापली तर पुन्हा फुटते, म्हणून माती बाजूला करून बुडातूनच ओढून काढा. लावताना कलमाची गाठ मातीवर राहू द्या, म्हणजे फांदी गाठीच्या वरची की खालची हे लगेच कळतं.

अनंताला आम्ल माती मानवते. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने माती अल्कधर्मी झाली की असं होतं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह द्या आणि जमल्यास पावसाचं पाणी.

मेलं म्हणून फेकू नका

भुईचाफा, कळलावी यांचा पाला दरवर्षी वाळून जातो आणि कुंडीत नुसती माती उरते. कंद खाली जिवंत असतो. या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवा आणि कुंडीवर नावाची पट्टी लावा, नाहीतर घरातलंच कुणीतरी ‘रिकाम्या’ कुंडीत कोथिंबीर पेरतं. फांदी असलेल्या झाडाची शंका आली तर नखाने साल थोडी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर हिरवं लागेपर्यंत खाली खरवडत जा आणि तिथे कापा.