‘ते आपण भागवतो’: अनुदानाच्या अर्जातली सर्वात महाग चूक

लंडनमध्ये आफ्रिकन आणि कॅरिबियन कुटुंबांनी चालवलेल्या शनिवारच्या शाळा 1960च्या दशकापासून आहेत. चर्चचा हॉल, घरून आणलेला खाऊ, फुकट शिकवणारे शेजारी. अशा संस्था अनुदान मागायला जातात तेव्हा पहिली चूक मनाच्या मोठेपणातून होते: फुकट मिळतं ते अर्जात लिहायचंच नाही.

समजा 10,000 पौंडांचा अर्ज आहे. त्यात पुस्तकं आणि दोन शिक्षकांचं मानधन. हॉलचं भाडं, विमा, मुलांसोबत काम करणाऱ्यांची डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी, हिशेबनीस, रोज संध्याकाळी पालकांचे फोन घेणारी ताई, यातलं काहीच नाही. का? ‘ते आपण भागवतो.’ ताई थकली की शाळा बंद. ब्रिटनमध्ये यावर ‘फुल कॉस्ट रिकव्हरी’, म्हणजे पूर्ण खर्च वसूल करण्याची पद्धत आहे. संस्थेचं 40 टक्के काम शाळेचं असेल, तर भाडं-विम्याचाही 40 टक्के वाटा शाळेच्याच अंदाजपत्रकात घालायचा. स्वयंसेवकांच्या तासांची वहीही ठेवा. वही नसेल, तर तुमची खरी उलाढाल कुणाला दिसणार?

दुसरी अडचण कागदाची. जमैकन लोकांचा ‘पार्डनर’ किंवा त्रिनिदादचा ‘सुसू’ म्हणजे आपली भिशीच. बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा तिच्या जोरावर अनेकांनी इंग्लंडमध्ये घरं घेतली. हा व्यवहार शब्दावर चालतो. अनुदान देणाऱ्याला मात्र बँकेचं स्टेटमेंट लागतं. लॉटरीच्या पैशातून अनुदान देणारा नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड तर कार्यकारिणीत एकमेकांच्या नात्यात नसलेल्या किमान दोघांची अट घालतो. नवरा-बायकोच कार्यकारिणी असेल, तर अर्ज तिथेच अडतो.

घाईत ‘सीआयसी’ (समाजहितासाठीची कंपनी) नोंदवणं हीही नेहमीची चूक. नोंदणी सोपी, पण ती धर्मादाय संस्था नव्हे. मग अनेक फाउंडेशनची दारं बंद होतात आणि देणगीच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून मिळणारे गिफ्ट एडचे 25 पेन्सही जातात. इंग्लंड-वेल्समध्ये ‘सीआयओ’ (नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचा एक प्रकार) हा पर्याय आधी तपासा.

मोठ्या संस्थेसोबत ‘भागीदार’ म्हणून सही करताना तुमचा वाटा आकड्यात लिहून घ्या. नाहीतर वस्तीतली माणसं तुम्ही आणायची आणि व्यवस्थापनखर्चाचे पैसे त्यांनी घ्यायचे.

गंगाजळीचं काय? इथे सगळा दोष संस्थांच्या माथी मारणं मला पटत नाही. 2020 मध्ये ‘उबेले इनिशिएटिव्ह’ या ब्रिटनमधल्या संस्थेच्या पाहणीतून इशारा आला होता: कोरोनाचं संकट 3 महिन्यांहून लांबलं, तर कृष्णवर्णीय आणि अल्पसंख्याक समाजांच्या दहापैकी नऊ छोट्या संस्था बंद पडू शकतात. वर्षानुवर्षं फक्त प्रकल्पापुरते पैसे द्यायचे आणि वर शिल्लक का नाही विचारायचं! तरीही एक पानाचं राखीव निधीचं धोरण लिहून ठेवा: किती महिन्यांचा खर्च बाजूला हवा आणि आज त्यातला किती आहे. शिल्लक शून्य असेल तर शून्यच लिहा, आणि ती शून्य का आहे तेही.