जुन्या गाडीचा एसी घरच्या घरी: गॅस सगळ्यात शेवटी

पद्मिनी, अँबॅसिडर, कॉन्टेसा किंवा पहिल्या पिढीची मारुती 800. अशा गाडीचा एसी गार करेनासा झाला की पहिला सल्ला मिळतो तो "गॅस टाकून घे". गॅस टाकला की महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि सर्किट रिकामं झालं की त्याच वाटेने गोव्याची दमट हवा आत शिरते. म्हणून गळती शोधणं आणि सर्किट कोरडं करणं हेच खरं काम. गॅस भरायला अर्धा तास पुरतो.

हे काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात पाइप उघडे ठेवले तर एसीचं तेल आणि ड्रायर (ओल शोषणारी बाटली) दोन्ही ओल पितात.

आधी आत काय आहे ते बघा. नव्वदच्या दशकापर्यंतच्या किटमध्ये बहुधा आर-12 हा जुना गॅस असायचा. मॉन्ट्रियल करारानुसार 2010 पर्यंत तो भारतात बंद झाला, त्यामुळे आता त्याच्या जागी आर-134ए या गॅसवर यावं लागतं. आत गॅस शिल्लक असेल तर पाइप सैल करून हवेत सोडू नका. रिकव्हरी मशीन असलेल्या एसीवाल्याकडून काढून घ्या. गॅस डोळ्यांना किंवा हातांना लागला तर कातडी गोठते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा.

आर-12 सोबत चालणारं मिनरल तेल आर-134ए मध्ये विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये साठतं आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) कोरडा पडतो. कॉम्प्रेसर उतरवा, जुनं तेल ओतून मोजा आणि एस्टर तेल भरा. आर-134ए साठी मिळणारं दुसरं तेल, पीएजी, ओल फार पटकन ओढतं, शिवाय आर-12 च्या उरल्यासुरल्या अंशाशी त्याचं जमत नाही. बदललेल्या भागांसाठी जादा तेल ढोबळ मानाने असं: कंडेन्सरला (रेडिएटरपुढची, गॅस थंड करणारी जाळी) 30 मिली, ड्रायरला 30, कूलिंग कॉइलला 30 ते 60. जुन्या तेलात चंदेरी चुरा दिसला तर कॉम्प्रेसर गेलाच म्हणून समजा.

पाइप आणि जुन्या पद्धतीची नळीची कॉइल एसी फ्लशिंगच्या द्रवाने धुवा आणि नायट्रोजन मारून सुकवा. थिनर किंवा पेट्रोल नको, ते रबर खातं. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) फ्लश करायचे नसतात. ड्रायर नवाच घ्या, आर-134ए ला चालणारा. त्याची टोपणं व्हॅक्यूम पंप तयार असेल तेव्हाच काढा. 'इन'ची बाजू कंडेन्सरकडे आणि बाटली उभी. ओ-रिंग सगळ्या बदला, आर-134ए ला चालणाऱ्या हिरव्या एचएनबीआर रबराच्या, तेलाचं बोट फिरवून बसवा. फिटिंग आवळताना दोन पाने लावा, एका पान्याने अॅल्युमिनियमची नळी पिळते. रबरी पाइप जुने असतील तर आतून गॅस अडवणारा बॅरियर थर असलेले घ्या.

कंडेन्सरवर कंजुषी करू नका. आर-134ए चा दाब जास्त चढतो आणि जुना कंडेन्सर त्याला पुरत नाही. बसेल तेवढा मोठा पॅरलल फ्लो (चपट्या समांतर नळ्यांचा) कंडेन्सर घ्या, पुढे स्वतंत्र पंखा लावा आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा, नाहीतर इंजिनकडची गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते. किनारपट्टीच्या गावात खारा वारा कंडेन्सरची पाती पोखरतो. पांढरी पूड दिसू लागली की तो बदलायच्या यादीत घाला.

वायरिंगला पुरेसा मान द्या. कॉम्प्रेसर जोडणारा-सोडणारा विजेवरचा क्लच साधारण 4 अँपिअर घेतो, ब्लोअर आणि पंखा धरून बेरीज 20 च्या पुढे जाते. डायनामोच्या गाडीला ते झेपत नाही, आधी अल्टरनेटर लागेल. क्लच आणि पंख्याला वेगवेगळे रिले आणि फ्यूज द्या. दाब फार वाढला किंवा फार घटला तर क्लच तोडणारा प्रेशर स्विच ड्रायरजवळ बसवाच. क्लच सुटत असेल तर पट्टी गेज लावून बघा, फट 0.4 ते 0.8 मिलिमीटर हवी. कार्ब्युरेटरच्या गाडीला आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वाढवणारा सोलेनॉइड नसेल तर सिग्नलला इंजिन बंद पडेल.

जोडणी झाली की गळती शोधायला दाब दाखवणारा गेज सेट लावा आणि कोरडा नायट्रोजन 150 पीएसआय दाबापर्यंत भरा, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. गाडी सावलीत ठेवून तासभर काटा बघा, उन्हात तो उगाच हलतो.

मग व्हॅक्यूम. 30 अंशांच्या हवेत पाणी उकळवून बाहेर काढायचं तर गेजवर 28.7 इंचांच्या (पाऱ्याचे इंच, व्हॅक्यूमचं माप) पुढे जावं लागतं. पंप 29 इंचांपर्यंत नेऊन तासभर चालवा, दमट दिवशी दोन तास. पंप बंद करून अर्धा तास थांबा. काटा सावकाश परतत राहिला तर गळती आहे. थोडा चढून थांबला तर आत अजून ओल आहे, पंप पुन्हा लावा.

गॅस वजनानेच भरा. आर-12 जितका लागायचा त्याच्या 80 ते 90 टक्के, म्हणजे एसीच्या माहितीच्या प्लेटवर 800 ग्रॅम लिहिलं असेल तर 640 ते 720. किचनच्या डिजिटल काट्यावर गॅसचा टिन उभा ठेवा आणि कमी दाबाच्या बाजूने वायूच आत जाऊ द्या. इंजिन चालू असताना गेजचा हाय (जास्त दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह उघडला तर उलटा दाब टिनमध्ये जाऊन तो फुटतो. टिन कोमट पाण्यात ठेवायला हरकत नाही, उकळत्या नाही. ड्रायरवरच्या छोट्या काचेतले बुडबुडे बघून भरण्याची जुनी सवय सोडा, आर-134ए मध्ये भर पूर्ण असतानाही बुडबुडे दिसू शकतात. क्लच पहिल्यांदा लावण्याआधी त्याची पुढची प्लेट हाताने दहा वेळा फिरवा.

33 अंशांच्या हवेत, इंजिन 1500 आरपीएमला असताना लो (कमी दाबाचं) गेज 30 ते 45 आणि हाय 200 ते 250 पीएसआय दिसलं तर ठीक. दोन्ही कमी: गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी: कॉम्प्रेसर थकला. दोन्ही जास्त: पंखा, जादा गॅस किंवा आत राहिलेली हवा.

गोव्यात सर्वांत फसवणारी तक्रार म्हणजे अर्ध्या तासाने गारवा जाणं. ग्रिलसमोर हात धरा. हवेचा जोरच कमी झाला असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ बसलाय. थर्मोस्टॅटची बारीक नळी पात्यांत पाचेक सेंटिमीटर आत आहे का पाहा. हवा जोरात पण कोमट, आणि लो गेज व्हॅक्यूमकडे निघालेलं, तर एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये पाणी गोठलंय: गॅस काढा, ड्रायर बदला, व्हॅक्यूम पुन्हा. व्हॉल्व्हचा तापमान ओळखणारा बल्ब कॉइलमधून परतीच्या पाइपला घट्ट बांधून त्यावर कॉर्क टेप गुंडाळलेला असावा, नाहीतर दोष शोधत बसाल.

कॉइलची पाणी जायची नळी दर काही आठवड्यांनी फुंकून साफ करा. ती तुंबली की पाणी पायाखालच्या चटईत जातं आणि पत्रा गंजतो. चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा. पावसाळ्यात आठवड्यातून दहा मिनिटं तो चालवला की कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं, आणि कंडेन्सरवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारला की मीठ बसत नाही.